रविवारी बूच काढता येईल असं पाणी

पत्र थोडक्यात असं: पुण्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरी करणारे, पन्नाशीच्या उंबऱ्यावर. सासवडच्या पुढे पुरंदर तालुक्यात त्यांनी पंधरा गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतला आणि आता त्यावर शनिवार-रविवारसाठी बंगला बांधताहेत. काम जोत्यापर्यंत आलंय. मागच्या अंगणात स्विमिंग पूल हवा, असा यजमानांचा आग्रह आहे. २६ फूट लांब, १३ फूट रुंद, सगळीकडे साडेचार फूट खोल. कंत्राटदाराने १६ लाखांचं कोटेशन दिलंय आणि देखभालीला महिना ९ हजार सांगितलेत. "जेसीबी जागेवर आहे तोवर खड्डा काढून घेऊ," असा त्याचा लकडा चाललाय.

यजमानांचं लहानपण सातारा जिल्ह्यात गेलं, मे महिन्याच्या सुट्टीत दिवसदिवस विहिरीत डुंबण्यात. आपल्या मुलांना ते सुख मिळालं नाही, ही त्यांची खंत आहे. शिवाय गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना पोहायला सांगितलंय. पूल असला तर घराची किंमत वाढेल, नाहीतर भाड्याने देऊन खर्च काढू, असंही ते म्हणतात. मुलगी अकरावीत आहे, मुलगा आठवीत. महिन्यातून दोनदा जायचा बेत आहे. प्लॉटवर बोअर आहे, पण एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचे प्लॉटवाले टँकर मागवतात आणि गावातही टँकर येतो. ताई लिहितात, "ज्या गावात बायका टँकरची वाट बघतात तिथे आम्ही पोहायला हौद बांधायचा, याची मला लाज वाटते. यांना हे बोलले की धुसफूस होते. पुढे लॉन, मागे पूल असं चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. हो म्हणू की नको? आणि नको म्हणायचं तर त्यांचं मन न मोडता कसं म्हणू?" प्लॉटवर राखणीला एक जोडपं राहतं आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी आहे, हेही ओघात आलंय.

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. या घराला, या जागी, आत्ता, पूल नको. पण तुम्ही ज्या कारणासाठी नको म्हणताय ते मला पुरतं पटलेलं नाही, आणि तुमचे यजमान ज्या कारणांसाठी हो म्हणताहेत त्यातली दोन तर त्यांच्याच विरुद्ध जातात. मला स्वतःला पोहायला फार आवडतं. तेव्हा काठावर कोरडं बसून उपदेश करणाऱ्यांतली मी नाही, एवढं धरून चाला.

तुमच्या लाजेपासून सुरुवात करू. तुम्ही दिलेल्या मापाच्या पुलात साधारण ४३ हजार लिटर पाणी मावेल. दहा हजार लिटरचे चार टँकर आणि वर थोडं. ऐकायला हा आकडा दणदणीत आहे, पण तो एकदाच भरायचा असतो. खरी मागणी असते ती रोज उडून जाणाऱ्या पाण्याची. तुमच्या भागात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर उतरते. तुमच्या पुलाचं तोंड ३१ चौरस मीटरचं, म्हणजे रोज अडीचशे ते तीनशे लिटर हवेत. फिल्टरमधली वाळू उलट्या प्रवाहाने धुवावी लागते, त्याला बॅकवॉश म्हणतात. तो आठवड्यातून एकदा केला तरी दर वेळी पाचशे ते हजार लिटर जातात. सगळं धरून ऐन उन्हाळ्यात महिन्याला एक टँकर, जरा जास्तच.

आता पुढच्या लॉनचं बघा. ते दोन हजार चौरस फुटांचं असेल आणि मेमध्ये हिरवं ठेवायचं असेल, तर त्याला रोज हजारेक लिटर लागतील. म्हणजे पुलातून उडणाऱ्या पाण्याच्या तिप्पट-चौपट. तेही रोज, महिनोन्‌महिने, कुणी त्यावर बसो न बसो. पण लॉनची लाज वाटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. कुणीच लिहीत नाही. निळं पाणी डोळ्यांत खुपतं, हिरवळीत मुरलेलं दिसत नाही. गावाच्या पाण्याची काळजी खरी असेल (आणि ती खरी आहे, हे पत्रावरून कळतं) तर पहिली काट लॉनवर मारा. तिथे सीताफळ लावा, अंजीर लावा. पुरंदरच्या मातीला ती झाडं ठाऊक आहेत. यजमानांशी बोलताना याचा उपयोगही होईल. फक्त त्यांच्याच हौशीवर पाणी सोडायला सांगितलंत तर ते तत्त्व वाटणार नाही, अडवणूक वाटेल.

तरीही पाण्याचा मुद्दा सुटत नाही, तो फक्त जागा बदलतो. आपल्या पठारावर वर्षातून किती दिवस पुलात उतरावंसं वाटतं? पावसाळ्याचे चार महिने गेले: आभाळ भरलेलं, वारा, पुलात पाला आणि माती. डिसेंबर-जानेवारीत सासवडकडच्या रात्री इतक्या गार असतात की सकाळी पाण्यात पाय घालून लोक चहा मागतात. पाणी तापवायचा हीट पंप मिळतो, पण तो घेतलात की विजेच्या बिलाचा वेगळा अध्याय सुरू होतो. उरतात अर्ध्या फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंतचे दिवस आणि पावसानंतरचे पाच-सहा आठवडे. म्हणजे पूल वापरण्याचा मोठा हंगाम नेमका टंचाईच्या महिन्यांत पडतो. पाणी सगळ्यांत जास्त उडतं तेव्हा, बोअर सगळ्यांत खाली गेलेली असते तेव्हा आणि टँकर सगळ्यांत महाग असतो तेव्हा. कोकणात किंवा गोव्यात गणित थोडं वेगळं आहे. तिथे थंडी अशी नसतेच. पठारावर मात्र हा पेच हवामानातच आहे, तुमच्या नियोजनात नाही.

बोअरला पाणी आहे, असं तुमचा कंत्राटदार म्हणतो. कुठल्या महिन्यात बघून? तुमच्याकडे भूजल काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं. ऑगस्टमध्ये धो-धो चालणारी बोअर मेमध्ये वीस मिनिटांत हवा ओढू लागते, असं तिथे सर्रास घडतं. त्यामुळे पावसाळ्यातल्या चाचणीला काही अर्थ नाही. मेच्या मध्यात दोनशे लिटरचा ड्रम ठेवा, तो किती मिनिटांत भरतो ते मोजा, पंप किती वेळ सलग चालतो ते बघा आणि थांबल्यावर पाणी परत यायला किती वेळ लागतो, तेही. हे तीन आकडे हातात नसताना पूल बांधणं म्हणजे पगार न विचारता कर्ज काढणं. आणि हे झालं नेहमीच्या वर्षाचं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पूल पंधरा-वीस वर्षांसाठी बांधायचा असतो, तेव्हा त्यात एखादं तसं वर्ष येणार हे धरूनच चालायचं. अशा वर्षी चारचौघांच्या डोळ्यांदेखत पूल भरायचं तुमच्याच्याने होणार नाही. रिकामा ठेवलात तर टाइल्स तडकतात, सांधे उघडतात, आणि अंगणात साडेचार फुटांचा उघडा खड्डा राहतो.

पैशांचा हिशेब झटकन करते, कारण तो तुम्ही मनात केलेलाच असणार. १६ लाख पंधरा वर्षांत वाटले तर वर्षाला एक लाख सात हजार. देखभाल महिना ९ हजारांनी वर्षाला एक लाख आठ हजार. व्याज सोडून दिलं, दुरुस्ती सोडून दिली, तरी वर्षाला दोन लाख पंधरा हजार. तुम्ही महिन्यातून दोनदा जाणार आणि पोहण्याजोगे महिने पाच. म्हणजे दहा शनिवार-रविवार, वीस दिवस. एका दिवसाच्या डुंबण्याला दहा हजारांच्या वर. तेवढ्यात कर्जत किंवा अलिबागकडे पूल असलेला बंगला कधीमधी भाड्याने घेऊन, मासे खाऊन, दुसऱ्याच्या पुलाची काळजी दुसऱ्यावर सोडून परत येता येतं. कोटेशन मात्र पुन्हा एकदा वाचा. काठाची फरशी, कुंपण, शॉवर, पंपाची खोली, दिवे या गोष्टी १६ लाखांत आहेत का? बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन 'नंतर बघू'मध्ये असतात. आणि वीज ९ हजारांत धरली आहे का? दीड अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तरी महिन्याला दोनशे युनिट होतात.

पण मला सगळ्यांत जास्त खटकली ती वेगळीच गोष्ट. पूल हवा कुणाला, हे पत्रात सविस्तर आहे. पूल सांभाळणार कोण, हे कुठेच नाही.

पुलातल्या पाण्याला सुट्टी नसते. तुम्ही रविवारी संध्याकाळी कुलूप लावून निघता आणि तिसऱ्या शनिवारी परत येता. मधल्या बारा दिवसांत काय होतं? उन्हाने क्लोरीन उडतं. उन्हात ते टिकवून धरणारं रसायन, म्हणजे स्टॅबिलायझर, नसेल तर ते काही तासांतच संपतं. मग शेवाळ धरतं, आणि मेच्या उन्हात आठवड्याच्या आत निळं पाणी हिरवं होतं. तुम्ही शनिवारी दुपारी पाहुणे घेऊन पोहोचता तेव्हा पूल पोहण्याजोगा नसतो, आणि तो निवळेपर्यंत रविवार संपतो. बोअरचं पाणी जड असलं की टाइल्सवर पांढरी पुटं चढतात. डासांचं तर विचारू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, त्याला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि तुमची खेप बारा दिवसांची. म्हणून रोज कुणीतरी पंप चालवायचा, जाळीने पाला काढायचा, आठवड्यातून तीनदा पाणी तपासायचं (पीएच ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन दहा लाखांत एक ते तीन भाग) आणि त्याप्रमाणे औषध घालायचं. हे काम अवघड नाही. पण ते रोजचं आहे, आणि वस्तीवर राहणाऱ्याचं आहे.

म्हणजे ते राखणदाराच्या गळ्यात पडणार. पूल बांधण्याचा निर्णय तुम्ही दोघं घेताय, मुलं घेताहेत, कंत्राटदार घेतोय. ज्याच्या हातून ही रसायनं जाणार त्याला कुणी विचारलंय का? ट्रायक्लोरच्या (पुलात टाकायच्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्या तर भडका उडू शकतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. औषध पाण्यात घालायचं असतं, औषधावर पाणी ओतायचं नसतं. 'एक डबा घाल, हिरवं झालं तर दोन घाल' एवढ्या शिकवणीवर हे काम कुणाकडेही सोपवता येत नाही.

आणि त्याच्या घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडकले. पुलाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपण पाहुण्यांची मुलं डोळ्यांपुढे आणतो: वाढदिवस, गडबड, दहा मोठी माणसं लक्ष ठेवून. खरा धोका त्या वेळचा नसतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिची आई भांडी घासत असते, वडील गावात गेलेले असतात, आणि तिच्या रोजच्या खेळण्याच्या अंगणात तिच्या उंचीपेक्षा खोल पाणी असतं. लहान मूल बुडताना हाका मारत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. पाठ फिरवली तेवढ्यात, आवाज न होता, सगळं संपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात साधारण तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतला जवळजवळ दर चौथा जीव पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा होता. फ्रान्सने २००३ साली कायदा करून घरगुती पुलांना कुंपण, झाकण, गजर किंवा छप्पर यांपैकी काहीतरी सक्तीचं केलं. ऑस्ट्रेलियात तर घरच्या पुलाभोवतीचं १.२ मीटरचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक ही रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. आपल्याकडे कोटेशनमध्ये धबधबा असतो, रंग बदलणारे दिवे असतात. कुंपण काढून टाकतात, कारण फोटोत बरं दिसत नाही.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या आणि पूल बांधून बसलेल्या, किंवा बांधणारच असलेल्या सगळ्यांना सांगते. चारही बाजूंनी किमान चार फुटांचं कुंपण घाला. गज उभे हवेत, आडवे असले की शिडी होते, आणि दोन गजांत चार इंचांहून कमी फट हवी. फाटक आपलं आपण मिटणारं, खिटी वरच्या बाजूला. जवळ चढायला खुर्ची किंवा कुंडी नको. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका, कारण घराचं दार उघडंच असतं. तळाशी पाणी ओढणारी जाळी एक नको, दोन हव्यात, एकमेकींपासून लांब. एकच असली तर केस किंवा अंग तिला चिकटून माणूस अडकू शकतो. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, सगळ्या जोडणीला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण), आणि अर्थिंग तपासून. काळ्या मातीत बांधत असाल तर माती काढून मुरूम भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पुलाला तडे देते. कोकण-गोव्याकडे भर पावसात पूल उपसू नका. भूजल वर आलेलं असतं, रिकामी टाकी खालून उचलली जाते. पूल गळतोय अशी शंका आली तर पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादलीतलं जितकं उतरलं त्याहून पुलातलं जास्त उतरलं तर गळती आहे, नाहीतर ऊन आहे.

अमेरिकेत ॲरिझोना-टेक्ससकडे राहणारे आपले लोकही हा प्रश्न विचारतात, पण त्यांची अडचण उलटी असते. घर घेतलं तेव्हा पूल आधीपासूनच अंगणात होता. तिथे लोक वर्षभर त्याच घरात राहतात, उन्हाळा लांब असतो, पूल सांभाळणारी माणसं गल्लीत फिरत असतात. त्यांनी ठेवला तर मला त्यात वेडेपणा दिसत नाही. पूल चांगला की वाईट असा वाद मी घालतच नाही. माणूस रोज जिथे राहतो तिथला पूल आणि पंधरवड्याने जिथे जातो तिथला पूल, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आता यजमानांकडे वळू. त्यांच्या गुडघ्यांना पोहणं हवंय, हे अगदी बरोबर. पण डॉक्टरांनी सांगितलेलं पोहणं आठवड्यातून तीन-चार वेळा, नेमाने करायचं असतं. ते सासवडच्या पुढे पंधरवड्यातून एकदा कसं होणार? शिवाय २६ फूट म्हणजे आठ मीटरही नाही. चार-पाच हात मारले की भिंत. नीट पोहायला पंचवीस मीटर लागतात. पुण्यात महापालिकेचे तलाव आहेत, टिळक तलावासारखी जुनी ठिकाणं आहेत, क्लब आहेत. गुडघ्यांसाठीचा पूल घरापासून पंधरा मिनिटांवर हवा, दीड तासावर नाही. या उन्हाळ्यात त्यांना सकाळची बॅच घ्यायला सांगा. तीन महिने टिकले तर पोहण्याची हौस खरी. मग पुढचं बोलू. दहा दिवसांत सुटली तर अंगणातला पूलही त्याच गतीने जाईल.

विहिरीचं मात्र मला कळतं. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून काकाने ढकललं, नाकातोंडात पाणी गेलं, चौथ्या दिवशी डबा सुटला, आठवड्यात काठावरून मुटका मारला. हे ज्याने अनुभवलंय त्याला शॉवरखाली समाधान मिळत नाही. पण त्या आठवणीत पाणी किती आणि भावंडं किती, हे त्यांना एकदा विचारून बघा. एकटा मुलगा कधी विहिरीवर गेला नसेल, आणि ते पाणी तर उसासाठी होतं, पोरं त्यात फुकट डुंबून घ्यायची. तुमची मुलगी आता बारावीच्या वाटेवर आहे, मुलगा दोन वर्षांत दहावीत. त्यांचे शनिवार-रविवार क्लासवाल्यांनी आधीच घेतलेत. पूल आहे म्हणून मुलं येतील, या आशेवर बांधलेला पूल पहिल्या मे महिन्यात गजबजतो आणि तिसऱ्यात आई-बाबाच पाय सोडून बसतात. मुलांना दोघांनी मिळून नका विचारू. एकेकट्याला विचारा, आणि 'पूल हवा का' असं न विचारता 'तिथे यायला तुला काय असलं तर आवडेल' असं विचारा. मुलगा बहुधा वाय-फाय म्हणेल. मनावर घेऊ नका.

किंमत वाढेल म्हणतात, त्यावर दोनच वाक्यं. पूल हवा असलेल्या गिऱ्हाइकाला तो किंमत वाटतो आणि नको असलेल्याला खर्च, आणि तुमच्या वाट्याला कुठलं गिऱ्हाईक येईल ते आज सांगता येत नाही. भाड्याने द्यायचं म्हणाल तर तो धंदा आहे: परवाने, कर, रात्री दोनला वाजणारं गाणं, शेजाऱ्यांची तोंडं, दारू पिऊन पाण्यात उतरणारे पाहुणे आणि काही झालंच तर पोलीस ठाण्यात तुम्ही. धंदा करायचा तर धंदा म्हणून करा, हौसेचा खर्च काढायला नको.

मग काय करायचं? हौद बांधा. अगदी आपला साधा हौद, दहा फूट बाय आठ फूट, अडीच फूट पाणी राहील एवढा. साडेपाच हजार लिटर. मोठा माणूस त्यात छातीपर्यंत बुडून बसतो, मुलं धिंगाणा घालतात, पाहुणे काठावर पाय सोडून आंबे खातात. फिल्टर नाही, पंपाची खोली नाही, औषधं नाहीत. प्लॉटच्या उंच अंगाला बांधा आणि तळाला तीन इंची व्हॉल्व्ह ठेवून पाइप झाडांकडे न्या. शनिवारी सकाळी भरायचा, रविवारी संध्याकाळी निघताना बूच काढायचं. पाणी सीताफळांना, अंजिरांना जातं, जे तुम्ही तसंही घातलं असतं. हौद कोरडा पडतो, म्हणून डास नाही, शेवाळ नाही आणि त्या लहान मुलीला धोका नाही. लक्षात ठेवा, अडीच फूट पाण्यातही लहान मूल बुडतं. तेव्हा भरलेला हौद सोडून सगळ्यांनी जेवायला आत जायचं नाही, आणि बूच काढल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. शनिवार-रविवारच्या घराला मी एकच कसोटी लावते: जाताना रिकामं करता येईल एवढंच पाणी ठेवावं.

कुणी शेततळं सुचवेल. पोहण्यासाठी तर मुळीच नको. प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. दर उन्हाळ्यात गावोगावच्या बातम्या येतात, त्या वाचवत नाहीत. शेतीसाठी आधीच असेल तर त्याला तारेचं कुंपण, आणि काठाला बांधून आत सोडलेले गाठींचे दोर तरी असू द्या.

यजमानांचं मन कसं न मोडायचं, याला माझ्याकडे युक्ती नाही. पण तुमचा नकार सध्या 'लोक काय म्हणतील' आणि 'पैसे वाया' या दोन पायांवर उभा आहे, आणि दोन्ही त्यांना टोचतात. त्याऐवजी त्यांच्यासोबत प्लॉटवर बसून मधल्या बारा दिवसांचं कामाचं पत्रक लिहा. सोमवारी पंप कोण लावणार, गुरुवारी पाणी कोण तपासणार, राखणदार गावी गेला तर कोण. नावं लिहायला लागली की ते स्वतःच गप्प होतील किंवा स्वतःचं नाव घालतील. घातलं, आणि निवृत्तीनंतर तिथेच राहायचा बेत निघाला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मेच्या बोअरचे आकडे आणि कुंपणाचं कोटेशन सोबत जोडा. माझं उत्तर बदलू शकतं.

एक राहिलं. तुम्हाला पोहता येतं का? अख्ख्या पत्रात त्यांचं पोहणं आहे, मुलांचं आहे, तुमचं नाही. तुमच्या-माझ्या पिढीत विहीर मुलांची असायची, मुली काठावर कपडे राखायच्या. पुण्यातल्या तलावांवर बायकांच्या वेगळ्या बॅचेस असतात आणि त्यांत साठीच्या बायकाही पहिल्यांदा पाण्यात उतरतात. ते सकाळची बॅच घेतील तेव्हा तुम्हीही घ्या. हौद असो, पूल असो, नातेवाइकांचं कोकणातलं घर असो, पाण्याजवळ माणसं गोळा होणार असतील तर घरातल्या बाईला पोहता आलं पाहिजे.

आणि कंत्राटदाराला उद्याच फोन करा. जेसीबी परत आणायला पुढे दोन-चार दिवसांचं भाडं पडेल, त्यासाठी १६ लाखांची घाई नको. मात्र कंपाउंडची भिंत घालताना मागच्या अंगणात जेसीबी शिरेल एवढी दहा-बारा फुटांची वाट मोकळी ठेवायला सांगा, आणि घरापासून तिथपर्यंत एक रिकामा पाइप जमिनीखाली टाकून ठेवा. आत्ता तो हौदाच्या दिव्यासाठी कामाला येईल.